परदेशातील अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून जायचे असल्यास ठिकाण कसे पारखावे?

मुलुंडकर

नमस्कार. माझी मुलगी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा संपल्यानंतरच्या सुट्टीत दक्षिण आफ्रिकेतील एखाद्या अभयारण्यात काही आठवडे स्वयंसेवक म्हणून काम करावे, अशी तिची मनापासून इच्छा आहे आणि मी व तिचे बाबा तिच्या पाठीशी आहोत. तिने दोन ठिकाणे शोधून ठेवली आहेत. पहिल्या ठिकाणी सिंहाच्या पोरक्या छाव्यांना बाटलीने दूध पाजणे, त्यांच्याशी खेळणे आणि पिंजरे स्वच्छ ठेवणे असे काम आहे. हे छावे मोठे झाल्यावर जंगलात सोडले जातात, असे त्यांच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. दुसरे ठिकाण क्वाझुलू-नाताल प्रांताच्या उत्तर भागात आहे. तेथे रानकुत्रे, चित्ते आणि गेंडे यांचा रोज माग काढून नोंदी ठेवायच्या असतात, आणि कोणत्याही प्राण्याला हात लावता येणार नाही, हे त्यांनी पहिल्याच पत्रात कळवले आहे. दोन्हींचे शुल्क जवळपास सारखे असून विमानभाडे धरले नाही तरी ते लाख रुपयांच्या पुढे जाते.

मुलीचा ओढा पहिल्या ठिकाणाकडे आहे, कारण तेथे प्राण्यांसाठी स्वतःच्या हाताने काही केल्याचे समाधान मिळेल असे तिला वाटते. माझा प्रश्न असा आहे की, एवढा खर्च केल्यावर तेथील प्राण्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो की नाही, हे मुंबईत बसून कसे ओळखावे? लसी, व्हिसा आणि सुरक्षितता यांविषयीही ज्यांना माहिती असेल त्यांनी कृपया लिहावे.

पायवाट

ताई, पहिल्या ठिकाणी मुलीला पाठवू नका. इतक्या स्पष्टपणे लिहिण्यामागचे कारण सविस्तर सांगते.

दक्षिण आफ्रिकेत जंगलात राहणाऱ्या सिंहांपेक्षा कुंपणात पैदास केलेल्या सिंहांची संख्या कितीतरी अधिक आहे. या पैदास केंद्रांत छावे जन्मानंतर थोड्याच दिवसांत, कधीकधी काही तासांत, आईपासून वेगळे केले जातात. जंगलातील सिंहीण पिल्लांना साधारण दोन वर्षे सोबत ठेवते आणि तोवर पुन्हा विणीला येत नाही. पिल्ले काढून घेतली की ती लवकरच माजावर येते आणि पुढची वीण मिळते. त्यामुळे ज्यांना पोरके म्हटले जाते त्या छाव्यांची आई बहुधा जिवंत असते आणि त्याच जमिनीवर दुसऱ्या कुंपणात असते. छावे लहान असताना त्यांना दूध पाजण्यासाठी स्वयंसेवक पैसे देतात, थोडे मोठे झाल्यावर त्यांच्यासोबत चालण्यासाठी पर्यटक पैसे देतात आणि पूर्ण वाढ झाल्यावर त्यांपैकी अनेक सिंह कुंपणबंद जागेत शिकाऱ्याला विकले जातात. शिल्लक राहणारी हाडे आशियातील पारंपरिक औषधांच्या बाजारात जात आली आहेत. बाटलीने दूध पिताना माणसाची भीती गेलेला सिंह पुढे बंदुकीपासूनही पळत नाही. तेथील सरकारने नेमलेल्या उच्चस्तरीय समितीच्या अहवालानंतर मे २०२१ मध्ये सिंहांची ही बंदिस्त पैदास थांबवण्याचे धोरण जाहीर झाले, परंतु एवढा पसरलेला व्यवसाय घोषणेने लगेच बंद होत नाही.

आता छावे जंगलात सोडले जातात या दाव्याविषयी. हाताने वाढवलेला सिंह जंगलात सोडण्याजोगा नसतो. तो माणसाला घाबरत नाही, त्यामुळे गावांना धोका निर्माण करतो. कळपात कसे राहायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. आणि पैदास केंद्रांतील वंशावळीची नोंद अनेकदा विश्वासार्ह नसते. खरे पुनर्वसन कसे होते याचे उदाहरण रवांडातील अकागेरा राष्ट्रीय उद्यानाचे आहे. १९९४ च्या नरसंहारानंतरच्या काळात तेथील सिंह नाहीसे झाले होते. २०१५ मध्ये तेथे सात सिंह नेले गेले, आणि ते आले दक्षिण आफ्रिकेतील फिंडा व टेंबे या अभयारण्यांतून, म्हणजे स्वतः शिकार करून जगणाऱ्या सिंहांमधून. त्यांपैकी एकालाही कोणा स्वयंसेवकाने मांडीवर घेतलेले नव्हते. त्यामुळे तुमच्या मुलीने पहिल्या ठिकाणी एकच प्रश्न लेखी विचारावा: आजवर सोडलेले सिंह कोणत्या अभयारण्यात, कोणत्या वर्षी सोडले आणि तेथील व्यवस्थापनाकडून याची खातरजमा करता येईल का?

दुसऱ्या प्रकारचे काम मी स्वतः केले आहे, त्याच भागात. दिवस पहाटे सूर्योदयापूर्वी उघड्या गाडीत सुरू होतो. रानकुत्र्यांच्या टोळीतील एकदोघांच्या गळ्यात रेडिओ कॉलर असते. टेकडीवर गाडी थांबवून अँटेना हळूहळू फिरवायची, टकटक आवाज कोणत्या दिशेला ठळक येतो ते पाहायचे, दुसऱ्या टेकडीवरून पुन्हा तेच करायचे आणि दोन दिशांचा छेद नकाशावर काढायचा. टोळी दिसली तर किती कुत्रे आहेत, कोणी लंगडत आहे का, कोणाच्या गळ्यात तारेचा फास अडकला आहे का, पोट भरलेले दिसते का, हे लिहायचे. दिसली नाही तर तसे लिहायचे. मधल्या उन्हाच्या वेळी ट्रॅप कॅमेऱ्यांतील, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतील, छायाचित्रे तपासायची, आणि त्यांतील बरीचशी हलणाऱ्या गवताची असतात. संध्याकाळी पुन्हा गाडी. अनेक दिवस काहीच दिसत नाही, आणि तरीही ती नोंद उपयोगी असते. फासात अडकलेला कुत्रा वेळेत सापडला तर पशुवैद्याला बोलावून त्याला वाचवता येते. दोन दिवसांनी सापडला तर बहुधा नाही. आफ्रिकेत आता जेमतेम साडेसहा हजारांच्या आसपास रानकुत्रे उरले आहेत, त्यामुळे एकेका टोळीचा ठावठिकाणा माहीत असण्याला किती महत्त्व आहे हे वेगळे सांगायला नको.

येऊरकर

पायवाट यांनी लिहिलेले अगदी योग्य आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या कामाशी अनेक वर्षे संबंध असल्यामुळे एक गोष्ट जोडावीशी वाटते. तेथे अशी स्वयंसेवा उपलब्ध असते आणि आपल्याकडे जवळजवळ नसते, याचे कारण कायद्यात आणि कुंपणात आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्याने पुरेसे कुंपण असलेल्या जमिनीवरील वन्यप्राण्यांची मालकी जमीनमालकाला मिळू शकते. या एकाच तरतुदीतून दोन परस्परविरोधी गोष्टींना बळ मिळाले. अनेक गुरेपालकांनी गुरे काढून हरणे, गेंडे आणि झेब्रे ठेवले आणि ओसाड जमिनी पुन्हा रानाखाली आल्या. त्याच वेळी सिंहांची पैदास करून विकणे हाही व्यवसाय झाला. त्यामुळे खासगी अभयारण्य हे नाव ऐकून चांगले किंवा वाईट असे काहीच ठरवता येत नाही.

दुसरा मुद्दा कुंपणाचा. कुंपणातील टोळीतील तरुण नर स्वतःहून दूर जाऊन नवी जोडीदारीण शोधू शकत नाहीत. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे रानकुत्र्यांच्या विखुरलेल्या टोळ्या एकच मोठी संख्या मानून सांभाळल्या जातात आणि एका अभयारण्यातील नर किंवा माद्या दुसरीकडे नेऊन सोडल्या जातात. चित्त्यांचेही तसेच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कुनोला आलेले बारा चित्ते याच व्यवस्थेतून आले होते. कोणाला कोठे न्यायचे हे ठरवायचे तर कोण कोणाचे पिल्लू आहे याची रोजची नोंद लागते. त्या नोंदी ठेवणाऱ्या गाडीचे इंधन, रेडिओ कॉलर आणि कर्मचाऱ्याचे वेतन यांचा काही भाग स्वयंसेवकांच्या शुल्कातून निघतो. चांगल्या ठिकाणी तुमच्या मुलीच्या पैशाचा उपयोग बहुधा तिच्या श्रमांपेक्षा अधिक होईल, आणि तिने हे जाणून जावे असे मला वाटते.

आणखी एक काम तिला करावे लागण्याची शक्यता आहे, ते म्हणजे रानमोडी उपटणे. आपल्या कोकणात आणि घाटात माजलेली हीच अमेरिकन वनस्पती क्वाझुलू-नातालमध्येही शत्रू ठरली आहे. सेंट लुसिया सरोवराच्या काठी मगरी जेथे अंडी घालतात तेथे रानमोडी वाढली की जमिनीवर सावली पडते आणि वाळू काही अंशांनी थंड होते. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे उबवणीच्या तापमानावर ठरते, त्यामुळे थंड घरट्यांतून माद्यांचे प्रमाण वाढते. शिवाय मुळांच्या जाळ्यामुळे मगरीला खड्डाच नीट खणता येत नाही. रानमोडी उपटतानाचे छायाचित्र कोणी कौतुकाने पाहत नाही, पण माझ्या मते ते बाटलीने दूध पाजण्यापेक्षा कितीतरी मोलाचे काम आहे.

परळचा_पशुवैद्य

आरोग्याविषयी लिहितो. अंतिम सल्ला अर्थातच प्रवासी आरोग्याच्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष घ्यावा.

दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही, त्यामुळे तेथे थेट जाणाऱ्याला ती लस लागत नाही. मात्र मुंबईहून जाणारे अनेक जण आदिस अबाबा किंवा नैरोबी येथे विमान बदलतात आणि इथिओपिया व केनिया हे दोन्ही देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तेथे बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर दक्षिण आफ्रिका लसीचे प्रमाणपत्र मागते. परतताना आपले विमानतळ आरोग्य अधिकारीही विचारणा करतात, आणि प्रमाणपत्र आवश्यक असताना ते नसेल तर सहा दिवस विलगीकरणात राहावे लागू शकते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. मुंबईत ही लस जे. जे. रुग्णालयात आणि विमानतळ आरोग्य संघटनेच्या केंद्रात मिळते. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.

उत्तर क्वाझुलू-नाताल आणि क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या सखल भागात साधारण सप्टेंबर ते मे या काळात हिवतापाचा धोका असतो. आपण हिवतापाच्याच देशातून जात आहोत म्हणून गोळ्या टाळणे योग्य नाही. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस मी प्रत्येकाला घ्यायला सांगतो, कारण दुर्गम ठिकाणी चाव्यानंतरचे उपचार मिळण्यास उशीर होऊ शकतो. गवतातून चालून आल्यावर अंगावरील गोचीड रोज तपासावेत. तेथे गोचीडतापाचे रुग्ण नेहमी आढळतात. गोड्या पाण्याच्या डोहात उतरू नये, कारण शंखांमार्फत पसरणारा बिल्हार्झिया हा कृमिरोग त्या भागात आहे.

पशुवैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थीही हा धागा वाचत असतील म्हणून सांगतो: त्या देशाच्या पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असल्याखेरीज तेथे उपचार करता येत नाहीत. जी संस्था शिकाऊ स्वयंसेवकाला गेंड्याला इंजेक्शन देऊ देईन असे सांगते, ती प्राण्याच्या जिवाची काळजी करत नाही. आणि हात लावण्याचा प्रश्न माकडवर्गीय प्राण्यांच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. आपली साधी सर्दी चिंपांझी किंवा ओरांगउटान यांच्या फुप्फुसात जीवघेणी ठरू शकते. मुखपट्टी, ठरावीक अंतर आणि नव्याने आलेल्या व्यक्तीचे काही दिवसांचे विलगीकरण हे नियम जेथे नाहीत, तेथील निवारा केंद्र कितीही प्रेमळ दिसले तरी टाळावे.

हिशेबनीस_दादर

सर्वांचा आदर राखून एक वेगळे मत मांडतो. येऊरकर यांनीच म्हटल्याप्रमाणे मुलीच्या श्रमांपेक्षा पैशाचा उपयोग अधिक असेल, तर तोच पैसा आपल्या राज्यातील एखाद्या विश्वासार्ह संस्थेला का देऊ नये? लाखभर रुपयांत आपल्याकडे किती तरी काम होऊ शकते. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राण्यांची नोंद करण्याची सोय वनविभाग करून देतो. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेतही स्वयंसेवक घेतले जातात. शिवाय एक नैतिक प्रश्न आहे. तेथील झुलू तरुण बेकार असताना आपली मुले पैसे भरून त्यांचे काम करणार असतील, तर त्याला सेवा म्हणता येईल का?

पायवाट

दादा, तुमचा दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो प्रत्येक संस्थेला विचारायलाच हवा. मी ज्या गटात होते तेथे माग काढणारे दोघेही स्थानिक होते, कायम वेतनावर होते आणि आम्हाला काम शिकवणारे तेच होते. स्वयंसेवक आला नाही तरी गाडी त्या दिवशी निघतेच, ही खूण पाहावी. स्वयंसेवकांवाचून ज्या ठिकाणचे सगळे काम ठप्प होते, तेथे एक तर स्थानिकांना रोजगार दिलेला नाही, किंवा ते काम प्राण्यांसाठी नसून स्वयंसेवकांसाठीच निर्माण केलेले आहे.

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, केवळ प्राण्यांचे भले हाच एक हेतू असेल तर तुम्ही म्हणता तसे दान द्यावे. परंतु प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलीला रेडिओ कॉलरवरून माग काढणे, रोजची नोंद शिस्तीने ठेवणे आणि कुंपणातील व्यवस्थापन पाहणे यांतून जे शिक्षण मिळते ते तिच्या आयुष्यभराच्या कामाला पुरेल. शिकायला जात आहोत हे मान्य करून जावे, एवढेच.

डोंबिवलीकर

मी आणि माझ्या पत्नीने निवृत्तीनंतर नामिबियात असे काम केले, म्हणून थोडे लिहितो. डमारालँडच्या वाळवंटी भागात हत्ती पाण्याच्या शोधात शेतकऱ्यांच्या विहिरींपाशी येतात आणि पंप, पाइप व टाक्या उखडून टाकतात. एक हत्ती दिवसाला शंभर-दीडशे लिटर पाणी सहज पितो. आधीच पाण्याची टंचाई असलेल्या कुटुंबाचे त्यामुळे मोठे नुकसान होते आणि हत्तींविषयी राग वाढतो. तेथे स्वयंसेवक टाकी व पंपाभोवती दगड आणि सिमेंटची जाड भिंत बांधतात. आम्ही दगड वाहिले, वाळू चाळली, सिमेंट कालवले. शेतकरी स्वतः आमच्यासोबत भिंतीवर होता. हत्ती दूरवरून पाहायला मिळाले ते नंतरच्या गस्तीत. वयाने मोठ्या माणसांनाही झेपेल असे काम असते. दगड किती वजनाचा उचलायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. ज्या भिंतीमुळे शेतकऱ्याचे पाणी वाचते, तिच्यामुळेच हत्तीवर बंदूक उगारली जाण्याची वेळही टळते, हे तेथे डोळ्यांनी दिसले.

येऊरकर

डोंबिवलीकर यांचा अनुभव वाचून आपल्याकडील काम आठवले. २०११ मध्ये वनविभाग आणि विद्या अत्रेय यांच्यासारखे संशोधक यांनी मुंबईकर्स फॉर एसजीएनपी (म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम सुरू केला तेव्हा बरेचसे काम बिबट्यांबरोबर नव्हे तर माणसांबरोबर होते. गृहसंकुलांत, पाड्यांवर आणि वस्त्यांमध्ये जाऊन कचरा, भटकी कुत्री, रात्रीचा उजेड आणि लहान मुलांनी एकट्याने उघड्यावर जाणे यांविषयी बोलणे, तसेच पत्रकारांशी संवाद साधणे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल सर्व बाजूंनी शहराने वेढलेले असताना दुसरा उपायच नव्हता. मुलुंडकर ताई, तुमच्या मुलीने जाण्यापूर्वी काही रविवार उद्यानात काढावेत. घराच्या मागेच ते जंगल आहे. ठसे आणि विष्ठा ओळखण्याचा सराव येथे झाला तर तेथे पहिल्या दिवसापासून ती उपयोगी पडेल.

मुलुंडची_लेक

नमस्कार. आईने हा धागा मला दाखवला आणि मी तो पूर्ण वाचला. पायवाट ताईंनी सुचवलेला प्रश्न मी पहिल्या संस्थेला लेखी विचारला. उत्तरात छाव्यांची आणखी छायाचित्रे आली आणि लवकर नोंदणी केल्यास शुल्कात सवलत देऊ असे कळवण्यात आले. सिंह कोठे सोडले याचा उल्लेख नव्हता. मी तेथे जाणार नाही.

दुसऱ्या संस्थेला मी स्थानिक कर्मचारी, शुल्काचा विनियोग आणि नोंदींचा वापर यांविषयी विचारले. त्यांनी तिन्हींची उत्तरे दिली, नोंदी प्रांताच्या वन्यजीव विभागाला दर महिन्याला जातात असे सांगितले आणि उलट माझ्याकडून वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला मागितला. एक अट मात्र मला नीट समजली नाही. गेंड्यांची छायाचित्रे काढली तरी ती तेथे असेपर्यंत कोठेही टाकायची नाहीत आणि फोनमधील स्थाननोंद पूर्ण बंद ठेवायची, असे त्यांनी लिहिले आहे. इतकी काटेकोर अट का असावी? आणि मे महिन्याच्या अखेरीस जाणे चांगले की डिसेंबरमध्ये?

पायवाट

तू विचारलेस हे फार चांगले केलेस. त्या अटीचे कारण शिकार आहे. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे शिंगासाठी मारले गेले. त्यानंतर देशभरात मारल्या जाणाऱ्या गेंड्यांची संख्या घटत गेली, पण शिकाऱ्यांचा मोर्चा क्वाझुलू-नातालकडे वळला. २०२३ मध्ये मारल्या गेलेल्या ४९९ गेंड्यांपैकी ३२५ त्या एकाच प्रांतातील होते. हे तेच रान आहे जेथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडील पांढऱ्या गेंड्यांचा शेवटचा लहानसा कळप तग धरून होता आणि जेथून १९६० च्या दशकात वन्यजीव संरक्षक इयन प्लेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गेंडे इतरत्र नेऊन ती जात वाचवली. २०२४ मध्ये तेथील ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्यात गेंड्यांची शिंगे भूल देऊन कापण्याची मोहीम झाली आणि त्या वर्षी प्रांतातील आकडा २३२ वर आला. शिंग नखासारखे पुन्हा वाढते, त्यामुळे हे काम दर दीड-दोन वर्षांनी करावे लागते. अशा ठिकाणी एका छायाचित्रातील स्थाननोंदीवरून गेंडा कोणत्या पाणवठ्यावर येतो हे कोणालाही कळू शकते. घरच्या व्हॉट्सॲप गटावरही पाठवू नकोस. तेथून ते पुढे कोठे जाईल यावर आपले नियंत्रण राहत नाही.

मेच्या अखेरीस जा. तेव्हा तेथे कोरडा हिवाळा सुरू होतो, गवत खाली बसते, प्राणी पाणवठ्यांवर येतात आणि हिवतापाचा धोकाही कमी होतो. डिसेंबरमध्ये उंच गवतात टोळी दहा पावलांवर असूनही दिसत नाही. व्हिसाच्या अर्जात पर्यटन न लिहिता स्वयंसेवा असेच लिही आणि संस्थेचे पत्र सोबत जोड. मुंबईत वाणिज्य दूतावास असला तरी अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावा लागतो आणि निर्णयाला वेळ लागू शकतो, म्हणून फेब्रुवारीतच कागद तयार ठेव. उघड्या गाडीत पहाटे वारा अक्षरशः हाडांपर्यंत पोहोचतो आणि मुंबईच्या घरात तशा थंडीचे कपडे नसतात, तेव्हा जाड जाकीट, कानटोपी आणि हातमोजे येथूनच घेऊन जा. रंग खाकी किंवा मातकट असू दे.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या ठिकाणी अर्ज पाठवला आहे, आणि येत्या रविवारपासून आम्ही तिघेही येऊरकर यांच्या सल्ल्याप्रमाणे उद्यानात जाणार आहोत. येऊरकर, ठसे ओळखण्यासाठी कोणत्या पायवाटेने जावे आणि परवानगीची काय पद्धत आहे, तेवढे कृपया कळवावे.